‘गार्डन लेव्हल’ म्हणजे नक्की कुठली लेव्हल?

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “ताई, मी मूळचा नांदेडचा. डब्लिनला मास्टर्स केलं, आता वॉटरफोर्डला नोकरी लागलीय. तुमचा नंबर अमक्याकडून मिळाला. एक घर बघायला यायचंय शनिवारी, जरा एरिया कसा आहे सांगाल का?” मी म्हटलं, जाहिरात पाठव. त्याने पाठवली. पांढरी भिंत, खिडकीबाहेर हिरवीगार पानं, ओट्यावर चकचकीत किटली. ‘शहराच्या मध्यभागी, शांत, गार्डन लेव्हल स्टुडिओ’.

फोटो बघून मी हसले. मग हसू गेलं. कारण ती किटली मी ओळखत होते. दीड वर्षाहून जास्त काळ मी त्याच घरात राहिले होते.

त्या मुलाला मी फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच सांगून झालं, म्हणून हा लेख. भारतातून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला कधी ना कधी असं घर समोर येतंच. आणि त्यांच्या घरच्यांनाही कळलेलं बरं, की व्हिडिओ कॉलमध्ये दिसते तेवढीच भिंत घराला नसते.

वॉटरफोर्ड हे आयर्लंडमधलं सगळ्यात जुनं शहर. ९१४ साली व्हायकिंगांनी वसवलेलं, शुअर नदीच्या काठावरचं. लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. क्रिस्टलच्या काचसामानामुळे नाव जगभर झालं. पण इथे राहायला आलं की क्रिस्टलपेक्षा जास्त नजरेत भरतात ती अठराव्या शतकातली उंच, सलग ओळीतली घरं. त्या काळात इथे जॉन रॉबर्ट्स नावाचा वास्तुविशारद होऊन गेला, ज्याने प्रोटेस्टंटांचं क्राइस्ट चर्च कॅथेड्रलही बांधलं आणि कॅथलिकांचं होली ट्रिनिटीही. त्याच काळाच्या आगेमागे श्रीमंत व्यापाऱ्यांनी ही जॉर्जियन घरं उभी केली. वर दिवाणखाना, त्याच्यावर निजायच्या खोल्या, आणि सगळ्यात खाली रस्त्याच्या पातळीपेक्षा आठ-नऊ पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, कोठी, मोलकरणींची जागा. पुढच्या बाजूला लोखंडी कठडा, त्याच्या आत खोल चौक, आणि फुटपाथच्या पोटात कोळसा साठवायची कोठडी. मागची जमीन उताराची असेल तर तेच तळघर मागून मात्र थेट बागेत उघडतं. म्हणून ‘गार्डन लेव्हल’. पुढून बघाल तर तळघर, मागून बघाल तर तळमजला. जाहिरात अर्थातच मागून बघते!

मी सप्टेंबर २०२३ मध्ये आले. औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. नवरा आणि मुलगा साताऱ्यात, मुलाची दहावी होईपर्यंत तिथेच राहायचं ठरलेलं. तीन आठवडे एका ओळखीच्या कुटुंबाकडे काढले. पाहुणचार कितीही प्रेमाचा असला तरी तिसऱ्या आठवड्यात आपल्यालाच लाज वाटायला लागते. घरं मिळत नव्हती. एका घराला बघायला गेले तर बाहेर सव्वीस माणसं रांगेत; मोजली मी. तेवढ्यात हा स्टुडिओ आला. महिना ८५० युरो. मी गेले त्या दिवशी लख्ख ऊन होतं. आयर्लंडच्या या कोपऱ्याला ‘सनी साउथ ईस्ट’ म्हणतात, आणि सप्टेंबरात ते खरंही वाटतं. मागचं दार उघडलं तर सफरचंदाचं झाड, खाली पडलेली फळं, एक मांजर. मी विचारलं काय, तर वायफाय आहे का. बस्स.

जाहिरातीत ‘बीईआर एक्झेम्प्ट’ असं लिहिलं होतं. मला वाटलं काहीतरी करमाफी असेल. बीईआर म्हणजे घराची ऊर्जाश्रेणी, ए पासून जी पर्यंत. घर भाड्याने देताना ती सांगावी लागते. पण वारसा म्हणून संरक्षित असलेल्या इमारतींना त्यातून सूट आहे. थोडक्यात, हे घर उबदार राहतं की नाही हे कुणी मोजलेलं नाही, असा त्याचा अर्थ. तो मला डिसेंबरात कळला.

ऑक्टोबरअखेरीस घड्याळं मागे गेली. इथे हिवाळ्यात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. तळघरात तर दहा ते दोन एवढाच दिवस. हीटर रात्री स्वस्त विजेवर तापून दिवसा ऊब सोडणारे. मी संध्याकाळी सहाला घरी येईपर्यंत त्यांनी सगळी ऊब रिकाम्या खोलीला देऊन टाकलेली असायची. नोव्हेंबरात कुबट वास यायला लागला. आधी वाटलं, कांदा सडला असेल. मग उशीला वास, टॉवेलला वास, ऑफिसात माझ्या कोटाला वास. डिसेंबरच्या एका रविवारी कपाट सरकवलं, आणि मागे भिंतभर काळी बुरशी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात लग्नातली पैठणी ठेवली होती. तिच्या घड्यांवर ठिपके पडलेले. त्या दिवशी मी जेवले नाही. साडीसाठी रडावं एवढं काही नसतं, पण परक्या देशात माणूस साडीच्या निमित्ताने बाकीचंही रडून घेतं.

घरमालकाला फोटो पाठवले. उत्तर आलं ते असं : तुम्ही लोक स्वयंपाक फार करता, वाफ होते, खिडक्या उघडत जा.

आता यात थोडं तथ्य आहे, आणि ते आपण मान्य करायला हवं. भात, वरण, फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, शिवाय खोलीतच दोरीवर वाळत घातलेले कपडे. हे सगळं पाणी हवेत जातं आणि सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसतं. मी पाणी शोषणारं यंत्र विकत आणलं, डीह्युमिडिफायर. पहिल्या दिवशी त्याच्या टाकीत दोन लिटर पाणी जमलं. दोन लिटर! एका खोलीतून, चोवीस तासांत. मी घाबरून टाकीचा फोटो काढला होता, तो अजून फोनमध्ये आहे.

पण माझ्या भिंतीची ओल फोडणीची नव्हती. ती खालून वर चढत होती. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाचे पोपडे, आणि त्यावर पांढरी पूड. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो ना, अगदी तोच. दगड-चुन्याची भिंत श्वास घेते. मातीतलं पाणी ओढते आणि हवेत सोडते. त्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चोपडला, की पाणी आत कोंडतं आणि वाट मिळेल तिथून फुटतं. साताऱ्यात माझे सासरे हेच म्हणायचे, वाड्याला सिमेंट लावू नका. तेव्हा आम्ही त्यांना जुन्या वळणाचे म्हणत होतो.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉल नेहमी एकाच खुर्चीत बसून, पाठीमागे बागेची खिडकी. “आई, बघ ना सफरचंदाचं झाड.” एकदा चार्जरची वायर पुरली नाही म्हणून दुसरीकडे बसले, आणि आईने अर्ध्या मिनिटात विचारलं, “मागे तो काळा डाग कसला गं? ओल आहे ती.” मी म्हटलं, सावली आहे. आई म्हणाली, “सावलीला पोपडे येत नाहीत.”

माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. १९२०च्या दशकात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या त्या चाळी. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत आम्ही सातजण. मधला बोळ अंधारा, संडास सामायिक, पाण्यासाठी पहाटेचा गजर. त्याचं गुणगान करण्याइतकी मी भोळी नाही. बोळाच्या टोकाला रात्री एकटीने जायची भीती मला अजून आठवते. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. खिडकीतून ऊन यायचं, दार उघडं टाकलं की वारा खेळायचा, आणि जुलैच्या पावसातही भिंत कोरडी असायची. आई फोनवर म्हणाली, “एवढीशी खोली होती, पण तुम्हा पोरांना कधी ओलीत निजवलं नाही मी. आणि तू तिकडे साहेबाच्या देशात जाऊन तळघरात राहतेस?”

(आयरिश माणसासमोर आयर्लंडला ‘साहेबाचा देश’ म्हणू नका. तो तुमच्यापेक्षा जास्त चिडेल.)

आईच्या या वाक्यामुळेच मी हातपाय हलवले. तोवर मी गप्प बसले होते, आणि का बसले होते हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला भीती होती ती परमिटची. घरमालकाने तक्रार केली तर? कंपनीला कळलं तर? व्हिसाच्या वेळी काही निघालं तर? जानेवारीत खोकला सुरू झाला, डॉक्टरांनी घरात ओल आहे का असं स्पष्ट विचारलं, तरी मी ‘थोडीशी’ म्हणाले. मी एकटी नाही. आपल्या ग्रुपमध्ये विचारून बघा, अर्ध्याहून जास्त लोक हेच सांगतील. शिकलेले, लठ्ठ पगार असलेले, ऑफिसात बॉसशी वाद घालणारे लोक घरमालकासमोर मात्र ‘इट्स फाइन, इट्स फाइन’ करत राहतात.

तर ज्यांना ही भीती आहे त्यांच्यासाठी : घराच्या दुरुस्तीची तक्रार आणि तुमचं परमिट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. भाडेकरूने भाडेकरारांच्या मंडळाकडे, म्हणजे रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डाकडे दाद मागितली म्हणून त्याला त्रास द्यायला २००४च्या कायद्याने मनाई आहे. सहा महिने राहून झाले की मालकाला कारणाशिवाय घराबाहेर काढता येत नाही. आणि कारण असलं तरी मुदतीची नोटीस द्यावी लागते. एक वर्षाहून जास्त राहिला असाल तर ती १८० दिवसांची असते. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो, त्या मानाने हा कायदा भाडेकरूला बराच आधार देतो. पण आधार मागावा लागतो, तो आपणहून येत नाही.

घर कसं असावं याचेही नियम आहेत, २०१९चे. घराला ओल नसावी, प्रत्येक राहत्या खोलीत पुरेसा उजेड आणि हवा हवी, चार शेगड्या, ओव्हन, फ्रिज, मायक्रोवेव्ह, कपडे धुण्याचं यंत्र हवं. स्वयंपाकाची वाफ बाहेर नेणारा पंखा हवा. आणि जे मला वाचून आश्चर्य वाटलं ते हे, की भाडेकरूला स्वतःची अशी बाग किंवा अंगण नसेल तर कपडे वाळवायचं यंत्रही मालकाने उपलब्ध करून द्यायला हवं. माझी ती ‘गार्डन’ चार भाडेकरूंची सामायिक होती. वाळवायचं यंत्र नव्हतं, वाफेचा पंखा बंद. म्हणजे “तुम्ही लोक स्वयंपाक फार करता” म्हणणाऱ्याने स्वयंपाकाची वाफ जायची सोयच ठेवली नव्हती.

हे नियम पाळले जातात की नाही ते बघण्याचं काम स्थानिक कौन्सिलचं. मी आधी मालकाला रीतसर ईमेल लिहिला, तारखा आणि फोटोंसह, चौदा दिवसांची मुदत दिली. उत्तर नाही. मग कौन्सिलला लिहिलं. थ्रेशोल्ड नावाची संस्था आहे, १९७८ पासून भाडेकरूंना मोफत सल्ला देते. तिथल्या बाईंनी पत्राचा मसुदा सुधारून दिला. मार्चमध्ये तपासणी झाली. तपासायला आलेल्या माणसाने भिंतीला एक यंत्र टेकवलं, कपाट सरकवलं, पुढच्या चौकात वाकून बघितलं आणि विचारलं, “हा नाला शेवटचा कधी साफ केला?” फुटपाथखालच्या कोळशाच्या कोठडीपाशी पावसाचं पाणी जायला जो नाला होता तो पानांनी गच्च भरला होता. सगळं पाणी माझ्या भिंतीत मुरत होतं. वर्षानुवर्षं.

पुढच्या दोन महिन्यांत नाला साफ झाला, पंखा बसला, भिंतीचा खालचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. मालकाने माझ्याशी बोलणं बंद केलं, ते मी सहन केलं.

आणि मग काय झालं सांगू? ते घर चांगलं निघालं. खरंच. २०२४चा उन्हाळा मी त्या मागच्या दारात खुर्ची टाकून काढला. रात्री दहापर्यंत उजेड. वरच्या मजल्यावरच्या आजी पहिल्यांदा खाली आल्या त्या ब्ला घेऊन. ब्ला म्हणजे वॉटरफोर्डचा पिठाने माखलेला मऊ पाव. आपल्या पावभाजीच्या पावाचा गोरा चुलतभाऊ. मी त्यात बटाटावडा घालून त्यांना दिला. त्यांनी दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून नेला. त्यांनीच सांगितलं की माझी खोली म्हणजे मूळचं स्वयंपाकघर. शेगडीची मोठी कमान कपाटाच्या मागे बुजवलेली होती. दोनशे वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी पोर वरच्या मजल्यावरच्यांसाठी भांडी घासत उभी असेल. तिला कुणी विचारलं असेल का, ओल आहे का म्हणून?

म्हणून तळघरात राहूच नका, असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात गार, गोंगाट नाही, पाय ठेवला की बाग. जपलं तर उत्तम घर, दुर्लक्ष केलं तर आजार. दोन्ही मी एकाच घरात बघितलं.

एक गोष्ट मात्र जपूनही डोळ्यांना दिसत नाही, ती रेडॉन. खडकात आणि मातीत युरेनियमचा अंश असतो, त्यातून हा वायू निघतो. वास नाही, रंग नाही. उघड्यावर विरून जातो, पण जमिनीला चिकटलेल्या बंद खोलीत साठतो. आयर्लंडमध्ये दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे ३५० रुग्णांचा संबंध रेडॉनशी लावला जातो. धूम्रपानानंतरचं हे दुसरं मोठं कारण. वॉटरफोर्डच्या आसपास, विशेषतः ट्रॅमोरकडे, त्याचं प्रमाण जास्त असलेले पट्टे आहेत. इथल्या पर्यावरण संस्थेच्या नकाशावर आपला पत्ता टाकला की आपण कुठल्या पट्ट्यात आहोत ते दिसतं. मोजण्यासाठी दोन छोट्या डब्या पोस्टाने येतात. एक बैठकीच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत, तीन महिने ठेवायच्या. माझ्याकडे एकच खोली. मी एक पलंगाच्या डावीकडे ठेवली, एक उजवीकडे. घराची मर्यादा २०० बेकरेल. माझा आकडा त्याच्या खाली आला. पण तीन महिने मी त्या डब्यांकडे बघत झोपत होते. माझ्या आधी तिथे राहिलेल्या कुणीच हे मोजलेलं नव्हतं.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. हा भाग लिहू नको असं नवऱ्याने सांगितलं आहे, तरी लिहिते.

परदेशात दहा-पंधरा वर्षं झालेली आपली काही मंडळी घरं घेतात आणि नव्याने आलेल्या मुलांना ठेवतात. यात वाईट काही नाही, पुष्कळ जण मनापासून मदत करतात. माझेच पहिले तीन आठवडे अशा मदतीवर गेले. पण एका खोलीत चार गाद्या, पावती नाही, करार नाही, आणि तक्रार केली की “अरे, आम्ही आलो तेव्हा याहून वाईट होतं” हेही चालतं. ‘आपला माणूस’ म्हटलं की मुलं कागद मागत नाहीत. शिवाय मालकाच्याच राहत्या घरात पेइंग गेस्टसारखी खोली घेतली तर भाडेकरूचे हे बरेचसे हक्क लागू होत नाहीत, हे त्यांना कुणी सांगत नाही. चाळीत सातजण राहिलो म्हणून इथेही चौघांना एका खोलीत कोंबलं तर चालतं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. चाळीत आम्ही राहिलो तो नाइलाज होता. ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावातला माझा भाऊ अजून वाट बघतोय. तो फोनवर म्हणाला, “ताई, नाइलाज संपल्यावर कसं वाटतं ते त्या लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.”

इथल्या सरकारने जुलैमध्ये नव्या स्टुडिओंचं किमान क्षेत्रफळ ३७ चौरस मीटरवरून ३२ केलं. म्हणजे साधारण ४०० चौरस फुटांवरून ३४५. त्यावर वर्तमानपत्रांत बरीच धुमश्चक्री झाली. कुणी म्हणालं, खुराडी बांधणार. कुणी म्हणालं, निदान घरं तरी होतील. त्याच वेळी जुन्या ‘बेडसिट’ परत आणाव्यात असंही कुणीतरी मांडतंच. बेडसिट म्हणजे सामायिक संडास-बाथरूमच्या एकेक खोल्या, ज्या २०१३ पासून इथे भाड्याने देता येत नाहीत. माझं मत विचाराल तर पन्नास चौरस फुटांवरून भांडण्यात मला रस नाही. १६० फुटांत वाढलेल्या बाईला ३४५ फूट म्हणजे राजवाडा. पण भिंत कोरडी आहे का, खिडकी उघडते का, वर्षातून एकदा कुणी येऊन बघणार आहे का? सामायिक संडासाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ज्यांनी तो कधी वापरलेला नाही त्यांनीच त्याचं समर्थन करावं आणि महिनाभर तिथे राहूनही यावं.

या वर्षी एप्रिलमध्ये नवरा आणि मुलगा आले, दोन खोल्यांची गरज पडली, म्हणून मी ४२ दिवसांची नोटीस देऊन ते घर सोडलं. आता आम्ही डनमोर रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावर आहोत. जाताना मालकाने बुरशीमुळे रंग खराब झाला म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापायचा प्रयत्न केला. पण माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनचे तारखेसह फोटो होते. पूर्ण रक्कम परत आली. ती दोन महिन्यांची होती. एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही हा नियम २०२१ पासून आहे, आणि मी २०२३ मध्ये मुकाट्याने दोन महिन्यांचं दिलं होतं! भाड्यावर वर्षाला माणशी हजार युरोंची करसवलत मिळते हेही मला दुसऱ्या वर्षी समजलं.

ऑगस्टमध्ये किलबॅरीला घराबाहेर खेळणाऱ्या भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीवर मुलांच्या टोळक्याने हल्ला केला, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “तू अजून त्या तळघरात नाहीस ना?” त्याआधी १ ऑगस्टलाच आपल्या दूतावासाने भारतीयांना सावध राहायला सांगितलं होतं. आईची समजूत घालायला मला बराच वेळ लागला. खरं सांगायचं तर त्या घरात असताना मला भीती वाटायची ती रात्री कठड्यातून नऊ पायऱ्या उतरताना. वरचा दिवा गेला की खालच्या चौकात काही दिसायचं नाही. मालकाने दिवा बदलायला पाच आठवडे लावले होते. शेवटी मीच स्टुलावर चढून बदलला. या शहराने मला वाईटापेक्षा चांगलं कितीतरी जास्त दिलंय, पण हे इथे लपवून ठेवलं तर पुन्हा एकाच भिंतीसमोर बसून व्हिडिओ कॉल केल्यासारखं होईल.

त्या नांदेडच्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याने विचारलं, “ताई, मग घेऊ का नको?” मी म्हटलं, भाडं किती सांगतायत? तो म्हणाला, ११५०. मी ८५० देत होते. जून २०२५ मध्ये सगळा देशच भाडेनियंत्रणाखाली आला. २०२५च्या त्या नियमाने आधीच्या भाड्यावर वर्षाला दोन टक्के किंवा महागाईदर, यातलं जे कमी असेल तेवढीच वाढ करता येत होती, आणि आधीच्या भाडेकरूचं भाडं किती होतं, नवं कसं काढलं हे नव्याला लेखी सांगावं लागतं. मी त्याला म्हटलं, “ते लेखी माग. आणि लागलं तर माझा करार आहे माझ्याकडे, पाठवते.”

तो जरा घुटमळला. “पण ताई, मी एवढं विचारलं तर ते दुसऱ्याला देतील ना.”

देतीलही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. दोन वर्षांपूर्वी मी त्याच रांगेत उभी होते आणि वायफायशिवाय काही विचारलं नव्हतं. त्याला लगेच नकार दे असं सांगायचा मला अधिकार नाही. त्याची नोकरी सोमवारी सुरू होतेय, आणि दुसरं घर माझ्या खिशात नाही. आमच्याकडे बैठकीत आठ-दहा दिवस राहा, असं मात्र सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली.

मग त्याने परत जाहिरात उघडली बहुतेक. म्हणाला, “ताई, फोटोत तर भिंत एकदम पांढरी दिसतेय. नवीन रंग दिलाय वाटतं.”

मी म्हटलं, नवा रंग असेल तर आणखी नीट बघ. डावीकडचं मोठं कपाट सरकव, जड आहे, पण सरकतं. मागे हात लाव भिंतीला. मग बाहेर येऊन पुढच्या चौकातला नाला बघ, पानं साठली आहेत का. पंखा लावून त्याच्यासमोर कागद धर, ओढला जातो का बघ. आणि वरच्या आजी भेटल्या तर माझं नाव सांग.

शनिवारी दुपारी दोनची वेळ मिळालीय त्याला. पाऊस सांगितलाय. बरं झालं.